विलेल्लाची कवटी

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जिन्यातल्या कॅमेऱ्याचा एक फोटो आला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पाठीला मोठी बॅग, मान वर करून दारांवरचे नंबर शोधतोय. खाली कुणीतरी लिहिलं, ‘चेहऱ्यावरूनच चोर दिसतोय.’ त्यावर भराभर अंगठे. तो तिसऱ्या मजल्यावर पार्सल द्यायला आला होता.

हेच वाक्य एकेकाळी विज्ञान म्हणून खपलं. इटलीत १८७०च्या सुमारास डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझोने जुझेप्पे विलेल्ला नावाच्या मेलेल्या कैद्याची कवटी तपासली. मागच्या बाजूला, आतून, जिथे एरवी हाडाची बारीक कड असते, तिथे त्याला एक छोटासा खळगा सापडला. तसा खळगा काही खालच्या प्राण्यांत असतो, म्हणून त्याने ठरवलं की गुन्हेगार हा उत्क्रांतीत मागे पडलेला माणूस, जन्मतःच तसा. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठा जबडा, पुढे आलेले कान, मागे उतरतं कपाळ, लांब हात, सगळं खुणांच्या यादीत गेलं.

आणि विलेल्ला कोण? दक्षिणेतल्या कालाब्रियाचा, चोरीबद्दल शिक्षा झालेला एक गरीब माणूस. इटली नुकतीच एक झाली होती आणि उत्तरेकडच्या शिकल्यासवरल्यांना दक्षिणेचा शेतकरी रानटी वाटायचा. लोम्ब्रोझो उत्तरेचा, वेरोनाचा. माझं स्पष्ट मत आहे, चोर आधी ठरला होता, खळगा नंतर दिसला.

इंग्लंडमधल्या तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली आणि ती सैनिकांच्या, विद्यार्थ्यांच्या मापांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराची म्हणून वेगळी ठेवण निघाली नाही, असं त्यांनी १९१३ मध्ये मांडलं. कैदी उंचीला आणि वजनाला तेवढे कमी भरले. कमी उंची, कमी वजन! मला तरी त्यात आधी उपासमार दिसते.

आपल्याकडे ब्रिटिशांना कवट्या मोजायचीही गरज पडली नाही. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे बघायची नजर बदलली का?

विलेल्लाच्या गावाने, मोत्ता सांता लुचियाने, कवटी परत मिळावी म्हणून दावा लावला. २०१२ मध्ये गाव जिंकलं, वरच्या कोर्टात हरलं. कवटी तूरिनच्या संग्रहालयातच राहिली.

ग्रुपवरचा तो फोटो काढा म्हणून मी दोनदा लिहिलंय. अजून तिथेच आहे.