आबांची गार

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपच्या डीपीवर माझा फोटो आहे. सत्कार वगैरे समजू नका. कानटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर बायकोची शाल आणि त्या गाठोड्यातून बाहेर डोकावणारं एक लाल नाक, असा तो फोटो. वर भाच्यानं अक्षरं टाकलीत: ‘भारतात परभणी’. ‘जगात जर्मनी’वाला भाग त्यानं स्वतःकडं ठेवला, कारण तो म्युनिकला राहतो.

रविवारी रात्री आठला त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं दुपारचे साडेतीन. खिडकीबाहेर भुरूभुरू बर्फ पडत होता आणि हा पठ्ठ्या आत हाफ टी-शर्टवर आइस्क्रीम खात होता. “मामा, बघा, उणे चार! अन् तुम्ही हे काय घालून बसलात? तिकडं थंडी कुठं असती? तुमचे दोनच ऋतू, उन्हाळा अन् लई उन्हाळा.” मागून सूनबाई हसली, इकडून माझी बायकोही हसली, आणि त्या हास्यकल्लोळात त्यानं स्क्रीनशॉट काढला.

आता मला सांगा, उणे चार त्याच्या खिडकीबाहेर होतं. आत भिंतीला गरम पाण्याचे पाइप, दुहेरी काचा, बावीस अंश. माझं घर बांधलंय मे महिन्यातल्या 44 अंशांच्या धास्तीनं. उंच छत, समोरासमोर झरोके, खाली शहाबादी फरशी. जानेवारीत त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला की थेट मेंदूत कळ जाते. परभणीचा पारा घसरला की कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, ‘परभणी गारठली’ म्हणून. तो आकडा विद्यापीठाच्या रानातला, गावातला नव्हे, यावर आमच्या चहाच्या टपरीवर दर हिवाळ्यात भांडण होतं. पण थंडीच नसती तर भांडलो असतो का? हे मी भाच्याला सांगणार होतो. तेवढ्यात आबा आले.

शेजारचे आबा आमच्याकडं बेल वाजवत नाहीत, खोकतात. खोकले, आत आले, आणि फोनमध्ये बर्फ दिसताच न बोलता माघारी गेले. मला वाटलं चष्मा आणायला गेले. पाच मिनिटांनी आले ते हातात स्टीलचा डबा घेऊन. डब्याला बाहेरून पांढरं दव धरलं होतं आणि झाकणावर खिळ्यानं कोरलं होतं, ‘गार 2014’.

“दाखीव त्येला,” आबा म्हणाले. “म्हनावं आमच्याकडं बी हाय.”

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: 2014 च्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारा पडत होत्या. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, सगळं आडवं झालं. त्यातली एक गार आबांनी शेतातून उचलली, डब्यात घातली आणि घरी येऊन फ्रीझरमध्ये ठेवली. तेव्हा ती लिंबाएवढी होती. गेल्या वर्षी मी ऐकलं तेव्हा तिची मोसंबी झाली होती. रविवारी त्यांनी भाच्याला मुठीचं माप दाखवलं.

झाकण निघालं. आत डब्याच्याच आकाराचा बर्फाचा गोल ठोकळा.

“आबा, ही गार आहे?” भाच्यानं विचारलं.

“गारच हाय. मधल्या काळात लोडशेडिंग लई झालं. वितळायची, परत गोठायची. आकार गेला, पन पानी त्येच हाय.”

“अन् एवढी मोठी कशी झाली?”

“एकदा नातवानं त्यात रसना वतला.”

ठोकळ्याच्या तळाशी खरंच नारिंगी छटा होती. सूनबाईनं तिकडं तोंडावर हात धरला. आबा मात्र गंभीर. एका गारेचे विळ्यानं दोन तुकडे केले तेव्हा आत कांद्यासारखे पापुद्रे होते, हे त्यांनी मन लावून सांगितलं. ते खरंही आहे. गार थंडीची नसतेच, ती उन्हाळ्याचं अपत्य. जमीन तापली की हवा सुसाट वर जाते, ढगात गोठलेल्या थेंबाला वरच्यावर झेलते, आणि प्रत्येक झेल्यात त्यावर नवा पापुद्रा चढतो. वजन पेलेनासं झालं की मग ती खाली येते, आपल्या गव्हावर. भाच्याचा बर्फ वेगळा. तो वरूनच सहा कोनांचं नक्षीकाम करून, पिसासारखा उतरतो.

“आवाज न्हाई?” आबांनी एकदम विचारलं.

“कशाचा?”

“त्येच, बरफाचा. पडायलंय पन आवाज न्हाई?”

भाच्यानं खिडकी उघडली, फोन बाहेर धरला. आम्ही तिघं ऐकत बसलो. काहीच ऐकू येईना. आबांच्या पत्र्यावर त्या मार्चमध्ये जे वाजलं होतं, ते ऐकलेल्या माणसाला आभाळातून काहीतरी मुकाट्यानं पडू शकतं हे खरं वाटत नव्हतं. ते फोनच्या इतके जवळ गेले की भाच्याला तिकडं नुसतं कपाळ दिसलं असणार.

“आन् ह्येच्याखाली पीक?”

भाचा आयटीवाला, त्याला काय माहीत. मी सांगितलं, तिकडं गहू थंडीच्या आधी पेरतात आणि तो बर्फाखालीच हिवाळा काढतो. वरची गादी त्याला कडाक्यापासून वाचवते.

“बरफाखाली जित्ता?” आबा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी रसना ओतला होता.

वातावरण हलकं करायला भाचा म्हणाला, बर्फाची कटकट पण असती आबा. सकाळी सातच्या आत दारापुढचा फुटपाथ खोऱ्यानं साफ करावा लागतो. पाळ्या असतात. नाही केला अन् कुणी घसरून पडलं, तर भरपाई आमच्यावर.

‘भरपाई’ हा शब्द त्यानं आबांसमोर उच्चारायला नको होता.

“म्हंजी आभाळातून पडलं तरी भरपाई मिळती?”

पुढचा अर्धा तास कॉल कुणाच्याच ताब्यात नव्हता. 2014 साली निम्मं किंवा त्याहून जास्त पीक गेलं तरच मदत, असा नियम होता. आबांचं नुकसान कागदावर 48 टक्के भरलं. पंचनाम्याला आलेला माणूस शेतात उतरलाच नाही, बांधावरून मोटारसायकल चालू ठेवून त्यानं आकडा लिहिला. पुढच्या वर्षी, 2015 मध्ये, ती अट 33 टक्क्यांवर आली. आबा म्हणतात, “मह्या वावरातल्या गारांनी एक वरीस घाई केली.” गार ठेवली ती पुरावा म्हणून. कुणीतरी फेरतपासणीला येईल, तेव्हा डबा पुढं करायचा. “दोन टक्के कमी पडले न्हवं, त्ये ह्याच्यात हायेत.”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “मामा, हुरडा सुरू झाला का?” बोलणं कुठून कुठं न्यायचं हे पोराला अजून कळतं. झालाय, म्हणालो. गोवऱ्यांची आगटी, भाजलेलं कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली की हिरवे गरम दाणे, जवसाची चटणी, दही. भाच्याच्या हातातलं आइस्क्रीम विरघळून मनगटावर ओघळत होतं. तेवढ्यावर माझं समाधान होणार होतं, पण कॉल बंद होताच त्यानं डीपी बदलला.

आणि हे कमी म्हणून की काय, काल आबांचा फ्रिज बिघडला. मेकॅनिक गुरुवारी येणार. तोवर डबा आमच्या फ्रीझरमध्ये, सोललेल्या मटारांवर. बायको माझ्याशी बोलत नाही. आता हे लिहितोय तर लाईट गेलीय, मी शाल काढून फ्रिजला गुंडाळलीय, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतोय.

“फ्रिज उघडला न्हाई ना रं?”