हिरव्या पानातील ‘क्वांटम संगणक’ : एका दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षे एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचे सार असे : झाडाचे पान हा क्वांटम संगणक (अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणारा संगणक) आहे, सूर्यप्रकाशाची ऊर्जा पानात एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपून पाहते आणि त्यांतली उत्तम वाट निवडते, म्हणूनच प्रकाशसंश्लेषण जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम असते, पक्षीही क्वांटम गुंतणुकीच्या (दोन कणांच्या अवस्था परस्परांशी जोडलेल्या असण्याच्या) आधारे दिशा ओळखतात हे सिद्ध झाले आहे, आणि ज्या अर्थी सजीव क्वांटम नियमांवर चालतात, त्या अर्थी विचारांच्या बळावर पेशी दुरुस्त करता येतात. सजीवांतील क्वांटम भौतिकी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणूनच यातले एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पानाच्या विधानाचे मूळ २००७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ग्रेग एंगेल, ग्रॅहम फ्लेमिंग आणि त्यांच्या अमेरिकेतील बर्कली येथील सहकाऱ्यांच्या प्रयोगात आहे. त्या प्रयोगात पान नव्हतेच. तिथे होते हरित गंधक-जीवाणूंमधील ‘एफएमओ’ नावाचे प्रथिन, ज्याच्या प्रत्येक घटकात हरितद्रव्याचे मोजके रेणू जणू पिशवीत बसवल्यासारखे पक्के धरलेले असतात. ते ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करून त्यावर लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद सोडले, तेव्हा मिळालेल्या संकेतात सुमारे ६६० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) टिकणारी आंदोलने, म्हणजे लयबद्ध चढउतार, दिसली. ही ऊर्जेच्या तरंगरूपी प्रवासाची खूण असावी, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि क्वांटम गणनेची उपमाही त्या लेखातच आली. २०१० मध्ये अधिक उष्ण तापमानालाही तशी आंदोलने दिसल्याचे अहवाल आले, त्यामुळे त्या काळातला उत्साह अनाठायी होता असे मी म्हणणार नाही.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात नेमका हाच भाग नसतो. २०१७ मध्ये ड्वेन मिलर, मायकेल थोरवार्ट आणि सहकाऱ्यांनी तेच प्रथिन सामान्य तापमानाला तपासले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक सुसंगती, म्हणजे ऊर्जा अनेक रेणूंवर एकाच तालात तरंगासारखी पसरलेली असण्याची अवस्था, अवघ्या ६० फेम्टोसेकंदांत विरते असे आढळले. ऊर्जेला या प्रथिनातून पुढे सरकायला मात्र काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), म्हणजे त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दीर्घकाळ टिकलेली आंदोलने मुख्यतः रेणूंच्या अंतर्गत कंपनांची होती. २०२० साली या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी मिळून घेतलेल्या आढाव्यातही हाच निष्कर्ष आहे. उष्ण, ओलसर, सतत हलणाऱ्या परिसरामुळे ऊर्जा उताराने पाणी वाहावे तशी खालच्या पातळीकडे सरकते. त्यासाठी सर्व वाटांचा एकसमयी शोध मानण्याची गरज उरत नाही.

शंभर टक्क्यांच्या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. शोषलेल्या प्रकाशकणांपैकी बहुतेकांची ऊर्जा अभिक्रिया-केंद्रापर्यंत, म्हणजे जिथे तिचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर सुरू होते तिथपर्यंत, पोहोचते, हे अनुकूल स्थितीत खरे आहे. परंतु पानावर पडणाऱ्या एकूण सौरऊर्जेपैकी जैवभारात साठणारा हिस्सा सैद्धांतिक कमाल गाठली तरी गहू-भातासारख्या पिकांत सुमारे ४.६ टक्के आणि ऊस, ज्वारी, मका यांत सुमारे ६ टक्के एवढाच असतो; प्रत्यक्ष शेतात तो त्याहूनही कमी भरतो.

पक्ष्यांविषयीचे विधान निराधार नाही, पण ‘सिद्ध झाले आहे’ हे शब्द चुकीचे आहेत. युरोपीय रॉबिनच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम-४ हे प्रथिन त्यातील इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम अवस्थांमुळे चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते, हे २०२१ मध्ये प्रयोगशाळेत वेगळ्या केलेल्या प्रथिनावर दिसले. जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात हेच घडते, हे दाखवणे अजून बाकी आहे.

शेवटचे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून कोणी चालू असलेले औषध थांबवू शकतो. त्याचा पाया असलेले ‘सजीव क्वांटम नियमांवर चालतात’ हे वाक्य मला मान्य आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा पानाच्या कथेहून कितीतरी जुना आहे. १९८९ साली बर्कलीमध्येच ज्युडिथ क्लिनमन आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधील, मद्यार्कावर काम करणारे एक विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणारे प्रथिन) घेतले. त्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्युटेरियम आणि तिप्पट जड ट्रिटियम वापरून त्यांनी अभिक्रियांचे वेग मोजले. या तिघांच्या वेगांचे परस्परप्रमाण अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व भौतिकीच्या, गणितात बसेना. हायड्रोजन ऊर्जेचा अडथळा ओलांडून नव्हे, तर काही अंशी त्याच्या आरपार जातो, असे मानल्यावरच ते बसले. असे आरपार जाणे म्हणजे टनेलिंग; ते अतिशीत यंत्रात नव्हे, तर २५ अंश सेल्सिअसला घडत होते. याच कुळातील विकरे आपल्या यकृतातही आहेत.

मात्र ही उडी एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही कमी अंतराची असते. अडथळ्याची उंची-रुंदी आणि कणाचे वस्तुमान यांवर ती ठरते, आणि या समीकरणात इच्छेसाठी कोणतेही पद नाही. क्वांटम भौतिकीतले ‘निरीक्षण’ म्हणजे मोजणाऱ्या उपकरणाशी घडणारी आंतरक्रिया. त्याला पाहणाऱ्याच्या मनाची आवश्यकता नसते. क्लिनमन यांच्या प्रयोगात ते विकर कोणत्याही शरीराबाहेर, साध्या द्रावणात होते, आणि हायड्रोजन तिथेही तसाच आरपार गेला.