लूथरला दप्तर दिल्याने तो मवाळ होत नाही

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. सुपरहिरो आणि व्हिलन एकाच शाळेत असते तर, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की हा सगळा पोरखेळ आहे. व्हिलनची दहशत जाते आणि उरतं ते 'बिचाऱ्याला लहानपणी कुणी समजून घेतलं नाही' छापाचं रडगाणं. शिवाय यामागे खेळणी खपवण्याचा धंदा आहे.

धंद्याचं आधी घेतो, कारण तिथे मी तुमच्याच बाजूचा. 2015 साली डीसी या कॉमिक्स कंपनीने 'सुपर हिरो गर्ल्स' आणलं, बाहुल्यांसकट. हार्ली क्विन आणि पॉयझन आयव्ही या बॅटमॅनच्या शत्रू थेट वंडर वूमनच्या शाळासोबती! हार्ली तिथे वर्गातली खोडकर मुलगी होऊन बसते. एवढंच करायचं तर व्हिलन हवाच कशाला?

पण म्हणून शाळाच नको, हे काही पटत नाही. स्पायडरमॅन 1962 साली आला तोच मुळी हायस्कूलचा विद्यार्थी म्हणून. पीटर पार्करला, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनला, वर्गात कुणी विचारत नाही, वर्गातलाच फ्लॅश थॉम्पसन उठताबसता टोमणे मारतो, आणि हाच फ्लॅश स्पायडरमॅनचा कट्टर भक्त. 1963 च्या एका अंकात तो पीटरला घाबरवायला स्पायडरमॅनचा वेश चढवतो आणि डॉक्टर डूम हा व्हिलन त्यालाच खरा समजून उचलून नेतो. आता सोडवायला जायचं कुणी? पीटरनेच. बरं, सोडवून आणल्यावर फ्लॅश सुधारतो म्हणाल तर तेही नाही. शहरातल्या मारामारीनंतर हिरो आणि व्हिलन आपापल्या वाटेने जातात. शाळेत दुसऱ्या दिवशी हजेरीला तोच चेहरा समोर असतो.

आता लेक्स लूथर, सुपरमॅनचा कट्टर शत्रू. 'चौदा-पंधरा वर्षांचा लूथर कसला भयंकर?' असं तुम्ही विचारलंय. एप्रिल 1960 च्या कॉमिकमधली गोष्ट काढून बघा. लिहिणारा जेरी सीगल, म्हणजे सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. स्मॉलव्हिल गावातला लेक्स सुपरबॉयचा, म्हणजे पोरवयातल्या सुपरमॅनचा, चाहता आहे. तो सुपरबॉयला क्रिप्टोनाइट या त्याच्या जिवावर उठणाऱ्या दगडापासून वाचवतो, सुपरबॉय उपकार फेडायला त्याला प्रयोगशाळा बांधून देतो. लेक्स तिथे जिवंत पदार्थ तयार करतो, क्रिप्टोनाइटवरचा उताराही शोधतो. मग आनंदाच्या भरात रसायनं सांडतात आणि आग लागते. सुपरबॉय फुंकर मारून ती विझवतो, पण त्या गडबडीत लेक्सचं संशोधन जातं आणि डोक्यावरचे केसही.

टक्कल पडलं म्हणून दुष्ट झाला, यावर लोक साठ वर्षं हसताहेत. हसू दे. केसांपुढचं वाचा. लेक्स ठरवून टाकतो की सुपरबॉयने हे जळफळाटाने मुद्दाम केलं. मग गावावर छाप पाडायला तो एकेक अचाट योजना काढतो, त्या अंगाशी येतात, आणि दर वेळी निस्तरायला सुपरबॉय हजर. प्रत्येक मदत लेक्सला नवा अपमान वाटते. यात बिचारेपणा कुठे आहे? याला मित्र होता, प्रयोगशाळा होती, बुद्धी तर अफाट. समजून घेणाराही होताच, त्याच्याशीच याने उभा दावा मांडला. मला तरी हा पोरगा मोठेपणीच्या सूटबूटवाल्या उद्योगपतीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो, कारण अशी मुलं आपण वर्गात पाहिलेली असतात.

बॅटमॅनचा शत्रू जोकर, त्याच्याबाबत मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो कुठून आला, याचा धड पत्ता लागत नाही, यातच त्याची भीती आहे. त्याला हजेरीपटावर आणू नये. 2020 च्या 'गॉथम हाय' या कॉमिकमध्ये तो ब्रूस (बॅटमॅन) आणि सेलिनाबरोबर (कॅटवूमन) शाळेत आहे, आणि प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा कोन होऊन बसलाय. मला नाही झेपलं ते.

पुढचा लेख एक्स-मेन या सुपरहिरोंच्या शत्रूवर, मॅग्नीटोवर आहे. त्याच्याकडे तर 1985 साली एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्स यानेच आपली शाळा सोपवली होती. तेव्हा तुमचा दारूगोळा तयार ठेवा.