मंक, पियानोशिवाय

नमस्कार. फोंड्याहून तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. ‘स्कूल डेज’ या तबकडीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. थेलोनियस मंक हा जॅझमधला पियानिस्ट आणि रचनाकार, आणि त्याला वाहिलेल्या या मैफलीत पियानोच नाही, मग ही मानवंदना कसली? आवाज जत्रेतल्या कर्ण्यासारखा. आणि मी साल चुकवलं.

साल चुकलं, खरं आहे. मी दिलेलं 1975 हे तबकडी निघाल्याचं साल. मैफल न्यूयॉर्कमधल्या एका कॉफीहाउसमध्ये झाली, ती मार्च 1963 मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आवाजाबद्दलही वाद नाही. पॉल हेन्स या कवीने तिथे बसून टेप केलेलं हे ध्वनिमुद्रण आहे, स्टुडिओचं नव्हे. पण ही मैफल करणारी स्टीव्ह लेसी आणि रॉझवेल रड यांची चौकडी चालू होती तोवर तिची एकही तबकडी निघाली नाही. ही टेप नसती तर आज आपण भांडलोही नसतो.

पियानोचा मुद्दा मात्र मला मुळीच मान्य नाही. मंकचा पियानो इतका त्याचा स्वतःचा आहे की दुसरा कोणी तिथे बसला की एक तर नक्कल होते, नाही तर सारवासारव. लेसीने 1958 मध्ये नुसत्या मंकच्या रचनांची तबकडी केली, 1960 मध्ये तो काही काळ खुद्द मंकच्याच ताफ्यात वाजवत होता. मंकचा पियानो त्याने रोज शेजारी उभं राहून ऐकला होता. तरीही या चौकडीत पियानोची जागा त्याने रिकामी ठेवली. लेसीचा सोप्रानो सॅक्सोफोन, रडचा ट्रंबोन, हेन्री ग्राइम्सचा बास, डेनिस चार्ल्सचे ड्रम्स, बस्स. खाली कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, आधार नाही, त्यामुळे रचनेचा सांगाडाच समोर येतो. आपल्याकडे ऑर्गनवाला पोचला नाही म्हणून नट नुसत्या तबल्यावर पद म्हणतो, तेव्हा चाल किती पक्की आहे ते कळतं ना, तसं.

मंकची ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही रचना घ्या. 1956 मध्ये खुद्द मंक, सॉनी रॉलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारखी माणसं असूनही ध्वनिमुद्रणाचे पंचवीस टेक (प्रयत्न) झाले आणि एकही धड पुरा झाला नाही. निर्मात्याला तुकडे जोडावे लागले. तीच रचना ही चार माणसं कॉफीहाउसमध्ये, लोकांसमोर, जोडजाड न करता वाजवतात. हे धाडस प्रेमाशिवाय होत नाही.

ही रचना मी आमच्या वाड्यावरच्या मेस्तांना ऐकवली. वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून सूर म्हणणं, शिकलेले, पुढे कितीतरी वर्षं फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, बँडमध्ये ट्रंबोन. ते डोळे मिटून तर्जनीने टेबलावर बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे गट, मोजत होते, एका बारला एक ठोका. पहिले आठ सरळ गेले. पुढच्या वेळी बोट आठव्या ठोक्यासाठी उचललं आणि तसंच हवेत राहिलं. “एक बार उणो,” म्हणाले. आठ, सात, सात, असे बावीस बार आहेत त्या रचनेत. वर दुसऱ्या फेरीत लय दुप्पट होते. पियानो असता तर त्या खाचेवर काहीतरी सूर पसरला असता आणि बोट कदाचित थांबलं नसतं.

आणि रडचा ट्रंबोन सुरू झाला की ते हसायला लागले. तो घसरत खालून वर येणारा सूर त्यांच्या ओळखीचा. रड आणि लेसी दोघेही डिक्सिलँड या जुन्या जॅझमधून आलेले, म्हणजे नाच-मिरवणुकीच्या बँडांचीच परंपरा. मूळ लेखात हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

तेव्हा पुन्हा एकदा ऐका, पण मोबाइलवर नको. एखाद्या रविवारी मडगावला या, माझ्याकडे बरे स्पीकर आहेत. मेस्तांनाही बोलावतो. त्यांनी ती धून वहीत उतरवायला घेतली आहे. पहिले आठ बार झालेत, पुढच्या सातांपाशी अडले आहेत.