कोळिणीची बदनामी पुरे

"कोळ्याची मादी मीलन होताच नराला मारून घराबाहेर फेकते. पिल्लं मोठी झाली की आईला मारतात. म्हणून बाईच्या हाती गेलेलं घर सर्वांत दुबळं." हा मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. परवा तो थोरल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, नेमका चुलतबहिणीने तिसरं स्थळ नाकारलं त्या संध्याकाळी. वर हसरा चेहरा.

मुळात कुठली मादी? कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या काहींत मादी नराला खाते, हे कबूल. खाते ती पोटासाठी. रस शोषून उरलेलं चिपाड टाकते. हाकलून वगैरे देत नाही.

आणि बिचारा नर? ऑस्ट्रेलियातला रेडबॅक घ्या. मीलन चालू असताना हा पठ्ठ्या स्वतःच कोलांटी मारतो आणि आपलं पोट मादीच्या दातांवर नेऊन ठेवतो. जीवशास्त्रज्ञ मेडिएन अँड्रेड यांनी १९९६ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत याचा हिशेब मांडला. खाल्ल्या गेलेल्या नरांचं मीलन जास्त वेळ टिकलं आणि वाचलेल्यांपेक्षा साधारण दुप्पट अंडी त्यांच्यापासून फळली. शिवाय एकाला खाल्लेली मादी पुढच्या नराला नाकारण्याची शक्यता जास्त. म्हणजे मरण्यात त्याचाच फायदा. यात कोळिणीचं कारस्थान कुठे दिसलं, काका?

खरी गंमत आधीच घडते. जाळ्यातल्या मादीला नजर बेताचीच. धागा हलला की ते भक्ष्य. म्हणून नर ठरावीक तालात धागे छेडत येतो. ऑस्ट्रेलियातला जेमतेम ५ मिलिमीटरचा मोरकोळी रंगीत पोट उभारून, पाय हलवून नाचतो, शिवाय थरथर पाठवतो. युरोपातल्या पिसॉरा जातीचा नर रेशमात गुंडाळलेला किडा भेट आणतो. काही लबाड आत नुसतं वाळकं चिपाड बांधून आणतात. पुडकं फुसकं निघालं की मादी मीलन लवकर आटोपतं घेते. (आमच्याकडच्या पहिल्या स्थळाने पगार वाढवून सांगितला होता.) निवड करणं म्हणजे खून नव्हे.

पिल्लांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे झुडपांवर वसाहती करणाऱ्या स्टेगोडायफस कोळ्यांत आई आधी पोटातला द्रव पिल्लांना भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच शोषून घेतात. ती पळून जात नाही. पण लांडगा कोळीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, ते मजकुरात का नाही?

'दुबळं घर'? वजनाला वजन लावलं तर तो धागा पोलादाहून मजबूत आहे.

काकांच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांचे कोळी आहेत, मी पाहिलेत. केरसुणी फिरवण्याआधी टॉर्च मारून बघा. कधी कधी नर-मादी एकाच जाळ्यात टांगलेले दिसतील, आणि अंड्यांचा गोळा दिसला तर तो आईच्या जबड्यात धरलेला असेल.