आधी वणवा, मग वृक्षारोपण

दर उन्हाळ्यात साताऱ्याभोवतीचे डोंगर पेटतात आणि पावसाळ्यात त्याच काळ्या उतारांवर खड्डे खणून रोपे लावली जातात, याचा आता खरोखर वीट आला आहे. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते जोमाने येते, ही समजूत काही केल्या सुटत नाही; प्रत्यक्षात करवंदीची, जांभळीची कोवळी फूट जळून जाते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला लागते. यवतेश्वरच्या उतारावर गुडघाभर वाढलेले रोप होरपळून उभे असते, आधाराची काठीही अर्धी जळालेली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात डोंगराळ भागातील दोन तृतीयांश जमीन वनाच्छादित असावी असे म्हटले आहे. पण देशाच्या वन सर्वेक्षणात किमान एक हेक्टरची, १० टक्के छत्रघनतेची, म्हणजे जिथे जमिनीचा दहावा भाग झाडांच्या फांद्या-पानांखाली झाकलेला आहे अशी, फळबागही वनाच्छादनात धरली जाते, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे रान वाढले, असे मुळीच नाही. रोप लावायला गर्दी होते. मग जानेवारीत गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा, काढायला, आणि आग लावणाऱ्याला गावातच हटकायला, कुणीच कसे पुढे येत नाही?