गुलमर्गच्या सहलीबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आम्ही नेलेल्या स्की सहलीबद्दलचा आपला अभिप्राय मी आणि माझ्या पत्नीने, दोघांनीही वाचला. आपल्याला स्कीचे बूट सैल मिळाले, ही चूक सर्वस्वी माझी. आपण फॉर्मवर ८ नंबर लिहिला होता आणि मी दुकानात ९ सांगितला. ते बदलून आणण्यात अर्धा तास गेला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "रात्रभर बर्फ पडला, आणि यांनी आम्हाला अकरापर्यंत ताटकळत ठेवून पावडरची सकाळ वाया घालवली" हे वाक्य फार लागलं. (पावडर म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ.) त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या रात्री गुडघाभर बर्फ पडला होता. मी पहाटे ५ वाजता उठून बाहेर जाऊन पाहिलं, कारण अशी सकाळ एका आठवड्याच्या सहलीत कधी एकदा मिळते, कधी मिळतच नाही. निघायची वेळ ८ ठरली होती. आपण खोलीतून खाली आलात ८.५० ला. हे मी चारचौघांत लिहिणार नव्हतो, पण उशिराचा सगळा दोष आमच्या माथी आला म्हणून लिहावं लागतंय.

आणि खरं सांगायचं तर आपल्या किंवा माझ्या उशिराने त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंतच जातो. आपल्याला हवा होता तो भुसभुशीत, कोणाची रेघ न उमटलेला बर्फ त्याच्या वर, अफरवटच्या उतारांवर असतो, जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर. मोठा बर्फ पडला की तिकडे नेणारा दुसरा टप्पा सकाळी लगेच सुरू होत नाही. आधी स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाची, माणसं उतार तपासतात, गरज पडली तर स्फोट करून साचलेला बर्फ मुद्दाम खाली पाडतात, आणि मगच लोकांना वर सोडतात. वारा असला तर आणखी थांबावं लागतं. यात आमचं काहीच चालत नाही. आदल्या रात्री जेवताना मी हे सगळ्यांना सांगितलं होतं.

आपण आमच्या गाइडला "अडेलतट्टू" म्हटलंत. आपण त्याला सुरक्षित हद्द दाखवणारा दोर ओलांडून बाजूच्या उतारावर न्यायला सांगितलं आणि त्याने नकार दिला, एवढाच त्याचा अपराध. तो टंगमर्गचा मुलगा आहे, लहानपणापासून याच डोंगरावर स्की करतोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. तेही नवखे नव्हते. आपण स्वित्झर्लंडमध्ये शिकून आला आहात, याबद्दल आदरच आहे, पण त्या सकाळी त्याने हो म्हटलं असतं तर मीच त्याला कामावर ठेवलं नसतं.

दुसरा टप्पा ११.४० ला सुरू झाला. आपण ११ वाजता स्की परत करून श्रीनगरला जायला गाडी मागवलीत. मी दोनदा म्हटलं, अजून तासभर थांबा. आपल्याच गटातले बाकीचे चार जण कोंगडोरीला चहा पीत थांबले होते. त्यांना दुपारी २ पर्यंत मांडीपर्यंतच्या बर्फात उतरायला मिळालं. रात्री परतल्यावर जेवताना त्यांचे चेहरे आपण पाहिलेत.

आमचा धंदा जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचा. त्यावर आमचं वर्ष चालतं. आपला अभिप्राय वाचून दोन कुटुंबांनी बुकिंग थांबवलं आहे. पुढच्या मोसमापासून बूट आदल्या संध्याकाळीच घालून बघायची सोय करू, वेळेबाबतच्या सूचनाही अधिक नीट देऊ.

स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. बुटांबद्दल लिहिलंत ते राहू द्या. गाइडबद्दलचं वाक्य तेवढं काढता आलं तर पाहा. त्याला मराठी येत नाही, पण कोणीतरी त्याला ते वाचून दाखवलं आहे.